काचेतील समुद्र आणि श्रावकाचे घर

शिवाजी पेठेतून रंकाळा हाकेच्या अंतरावर आहे. खारा समुद्र मात्र आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठल्यावरच दिसतो. तरीही हौशी माणसाला तो दिवाणखान्यात आणता येतो. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवावे, तापमान २५ अंशांच्या आसपास राखावे, पाण्यातील उपयुक्त जिवाणू स्थिरावेपर्यंत महिना-दीड महिना थांबावे. मग प्रवाळातील मासे त्यात जगतात.

या माशांत ‘रॅस’ कुळाचे आकर्षण मोठे. पाचशेहून अधिक जाती असलेल्या या कुळातील अनेक मासे मादी म्हणून वाढतात आणि पुढे नर होतात. काही रात्री वाळूत शिरून झोपतात. ‘क्लाउन कोरिस’ या जातीचे पिल्लू बोटाएवढे असते. पांढऱ्या अंगावर दोन केशरी ठिपके, जणू कुंकवाची बोटे! ग्राहक त्या ठिपक्यांवर भाळतो. पुढे ते ठिपके जातात, रंग काळपट-हिरवा होतो आणि निसर्गात हा मासा चार फुटांपर्यंत वाढतो.

त्याच्यासाठी एक हजार लिटरची टाकीही अपुरीच. पण हिशेबाला तीच धरू. नुसते पाणीच एक टन भरते, म्हणजे जुन्या वाड्याच्या माडीवर ती ठेवण्याचा विचार नको. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे, तर दर वेळी साडेतीन किलो आणि वर्षाकाठी १८२ किलो मीठ लागते. वीज, पंप, गाळणी हा खर्च निराळा.

व्यापारी घराला हा जमाखर्च अवघड नाही. अवघड आहे तो माशाचा आहार. रॅस मांसाहारी आहे. खेकडे, शिंपले, समुद्रसाळू फोडून खाण्यासाठीच त्याचे जबडे घडलेले आहेत. घरी त्याला कोळंबीचे, शिंपल्यातील मांसाचे तुकडे द्यावे लागतात. सुक्या गोळ्यांचा डबा आणला तरी त्यात बहुधा माशांची भुकटीच असते. ज्या घरात कंदमूळ वर्ज्य आहे आणि सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, त्या घराच्या फ्रीजरमध्ये कोळंबी ठेवावी लागेल.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मासा काचेत ठेवला की बंध घडला. मांस नको म्हणून त्याला उपाशी किंवा अयोग्य आहारावर ठेवले, तर अन्नपाननिरोध. योग्य आहार दिला, तर इतर जिवांच्या हिंसेला अनुमोदन. तिन्हींतून निर्दोष वाट निघत नाही. शिवाय ज्यांना हा दुकानाचा धंदा वाटतो, त्यांनी पंधरा कर्मादानांतील ‘असतीपोषण’ आठवावे. हिंसक प्राणी पोसून उपजीविका करणे तेथे त्याज्य मानले आहे.

‘आम्ही त्याला प्रेमाने ठेवतो,’ असे कोणी म्हणेल. प्रेम खरे असेलही. पण खाऱ्या पाण्यातील शोभेचे बहुतांश मासे आजही समुद्रातूनच पकडले जातात. याच कुळातील महाकाय ‘नेपोलियन रॅस’ दोन मीटरहून अधिक वाढतो. जिवंत माशांच्या हॉटेलांसाठी त्याची इतकी पकड झाली, की २००४ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. इवलासा ‘क्लीनर रॅस’ इतर माशांच्या अंगावरील परजीवी खाऊन त्यांची शुश्रूषा करतो. आरशात पाहून आपल्या अंगावरील डाग ओळखल्याचे वर्तन त्याने दाखवले, असे जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. जलचर पंचेंद्रियांनाही मन असू शकते, हे आपल्या परंपरेत बालबोध वर्गातही शिकवतात.

मुलांना हे मासे पाहायचेच असतील, तर मालवणला न्यावे. १९८७ साली तेथील किनाऱ्याचा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जाणकारांबरोबर मुखवटा लावून पाण्यात डोकावता येते. मात्र प्रवाळावर पाय ठेवू नये. तोही जीवच आहे.

ज्यांच्या घरी असा मासा आधीच आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. गायीसाठी पांजरपोळ आहे, माशासाठी नाही. त्याला मोठ्या टाकीची सोय असलेल्या अनुभवी पालकाकडे किंवा मत्स्यालयाकडे, आधी विचारणा करूनच, सोपवावे. तोवर त्याचा आहार बंद करू नये. अभयदान म्हणून त्याला रंकाळ्यात तर मुळीच सोडू नये. खाऱ्या पाण्यातील माशाच्या शरीरात गोडे पाणी शिरत राहते आणि तो तडफडून मरतो.