विज्ञानाचे कॉलेज आणि कष्टकऱ्याचा हिशोब



बारावीचा निकाल लागला की आमच्या युनियनच्या कचेरीत बोनसची गोष्ट मागे पडते आणि कॉलेजची सुरू होते. विडी वळणारी बाई, मार्केट यार्डातला हमाल, एम.आय.डी.सी.तला कंत्राटी कामगार, सर्वांचा प्रश्न एकच असतो : पोरीला सायन्सला बरे गुण पडले आहेत, कॉलेज कोणते घ्यावे आणि पैसे कोठून आणावेत? मी स्वतः विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी चढलेलो नाही. परंतु इतरांच्या मुलांचे अर्ज भरता भरता जे कळले ते आपल्यापुढे मांडतो. लोक हे दोन प्रश्न समजतात आणि दोन निरनिराळ्या दिवशी सोडवू पाहतात. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे.

विज्ञानाचे शिक्षण महाग का, हे आधी पाहू. इतिहास शिकवायला चांगला शिक्षक आणि चांगले ग्रंथालय असले की पुष्कळ झाले. रसायनशास्त्राला तेवढ्याने भागत नाही. तेथे काचसामान फुटते, रसायने संपतात, तराजू दुरुस्त करावा लागतो, गॅस लागतो. हा खर्च सरकारने, दात्याने किंवा आईबापाने, कोणीतरी करावाच लागतो. कोणीच केला नाही तर प्रयोगशाळेला कुलूप लागते आणि पोरे मागल्या वर्षीच्या जर्नलावरून आकडे उतरवून काढतात. म्हणून कॉलेज निवडणे याचा अर्थ, हा खर्च तेथे कोण करतो ते शोधून काढणे.

आपल्या नगरात याचा जुना दाखला आहे. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण जुनी सवय म्हणून तोंडात नगरच येते.) डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढले. ते स्वतः हार्वर्डला जाऊन आलेले गृहस्थ. अशा जिल्ह्याच्या गावी पुढे जीवशास्त्राचे असे काम उभे राहिले की तेथे प्राध्यापक असलेले डॉ. जॉन बार्नबस यांना १९७४ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. नंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जीवरसायन विभागाचे प्रमुख झाले. विज्ञान म्हणजे पुणे-मुंबईच, असे जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजू कर्मवीर भाऊराव पाटलांची. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. १९४७ साली साताऱ्यास त्यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलाने काम करावे, त्यातून त्याचे शिक्षण व्हावे. त्याच संस्थेची कॉलेजे आज आपल्या जिल्ह्यात श्रीरामपूर, कोपरगाव येथे आहेत, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठही ‘कमवा व शिका’ ही योजना चालवते. १९५९ साली यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ई.बी.सी.ची फीमाफी आली. तिच्या जोरावर शेतकऱ्यांच्या पोरांची एक अख्खी पिढी पदवीधर झाली.

वेळेवर मिळालेला थोडा पैसा काय करतो? डॉ. रघुनाथ माशेलकरांचे उदाहरण घ्या. गोव्यातल्या माशेलचा जन्म, लहानपणी वडील गेले, आईने मुंबईत मिळेल ते काम करून वाढवले. १९६० साली मुलगा शालान्त परीक्षेत बोर्डात अकरावा आला, तरी शिक्षण सुटण्याची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टने महिना ६० रुपये दिले, सहा वर्षे दिले. त्यावर तो मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून १९६६ साली पदवीधर झाला आणि पुढे देशभरच्या प्रयोगशाळांचा प्रमुख झाला. महिना ६० रुपये तेव्हाही फार मोठे नव्हते, पण ते दर महिन्याला, न चुकता येत होते. अमुक टक्के सूट म्हणून एकदाच पाठीवर थाप मारणाऱ्या जाहिराती आपण वाचतो, तेव्हा हा फरक पाहावा.

आता आजच्या कॉलेजच्या दारात या. पहिला प्रश्न विचारा : हा वर्ग अनुदानित की विनाअनुदानित? एकाच फाटकातून आत गेले की दोन वेगवेगळी दुकाने असतात. रसायन, पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र यांची साधी बी.एस्सी. जुन्या कॉलेजात बहुधा अनुदानित असते. शिक्षकांचा पगार सरकार देते, म्हणून फी कमी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बायोटेक्नॉलॉजी ही नावे कानाला गोड लागतात, पण ते वर्ग पुष्कळदा विनाअनुदानित असतात आणि तेथे पगारासकट सगळा बोजा फीवर येतो. ते घेऊच नयेत असे मी म्हणत नाही, फक्त तीन वर्षांची बेरीज करून घ्यावेत. त्या बेरजेत खोलीभाडे, खानावळ आणि एस.टी. धरा. मुलींचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीला संपतो. पुढे सवलतीचा मासिक पास असतो, त्याचे एक-तृतीयांश पैसे भरावे लागतात.

दुसरा प्रश्न : शिकवतो कोण? कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? कंत्राटी कामगाराचे दुःख मला ठाऊक आहे, म्हणून त्या शिक्षकांना मी नावे ठेवणार नाही. परंतु जो माणूस पुढच्या जूनमध्ये येथे असेल की नाही हे त्यालाच माहीत नाही, तो मुलीचा प्रकल्प कसा पुरा करून घेणार? मग प्रयोगशाळा पाहू द्या म्हणा. एका तराजूला किती मुले, ते विचारा. सिंकचा नळ सोडून पाहा, सूक्ष्मदर्शकावरची धूळ बोटाने पाहा. एम.एस्सी.चे वर्ग आणि संशोधन केंद्र असेल तर उपकरणे वापरात राहतात. नॅकची श्रेणी जरूर वाचावी, पण ती सगळ्या कॉलेजला मिळते, एका विभागाला नव्हे.

मुलगी फार हुशार असेल तर नजर लांब टाका. पुण्याची आयसर ही २००६ पासूनची केंद्र सरकारची विज्ञानसंस्था. तिची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे. मुंबईत कालिन्याला अणुऊर्जा खात्याचे मूलभूत विज्ञान केंद्र आहे, त्याची परीक्षा ‘नेस्ट’. तेथे ‘दिशा’ शिष्यवृत्ती वर्षाला ६०,००० रुपयांची आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना मूलभूत विज्ञान घेतल्यास ‘इन्स्पायर’मध्ये ८०,०००, त्यांतले २०,००० उन्हाळी संशोधनासाठी. नावाने महाग वाटणारी संस्था हिशोबाने गल्लीतल्या विनाअनुदानित वर्गापेक्षा स्वस्त पडते, असेही होते.

राहिल्या आपल्या कामगारांच्या योजना. या फार कमी लोक घेतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याकडून साध्या पदवीला वर्षाला ६,००० आणि इंजिनिअरिंग-वैद्यकीला २५,००० मिळतात, मात्र आईचे ओळखपत्र हवे. बांधकाम मजूर मंडळात नोंदलेला असेल तर पहिल्या दोन मुलांना पदवीला वर्षाला २०,०००. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला पोरगी बारावीत गेल्यावर काढायचा नसतो, दहावीत असतानाच काढायचा. ज्यांच्या पगारातून कामगार कल्याण मंडळाची वर्गणी कापली जाते त्यांनी मंडळाच्या केंद्रात जाऊन चौकशी करावी. पैसे तुमचेच आहेत. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. २०२४ साली मुलींना शंभर टक्के फीमाफी झाली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साधी बी.एस्सी. तीत आपोआप येत नाही, याचा घोळ पुष्कळ घरांत झाला. आणि एका वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या बहुधा चालत नाहीत, म्हणून बेरीज करून मोठी निवडा.

एका कॉलेजात (नाव सांगत नाही) हक्काची फीमाफी असलेल्या मुलीला सांगितले, आधी सगळी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. आई डोरले गहाण टाकायला निघाली होती. आम्ही चौघे शासनाचा आदेश घेऊन प्राचार्यांच्या टेबलापुढे उभे राहिलो आणि त्याच दुपारी प्रवेश झाला. असा प्रसंग आला तर तोंडी उत्तर घेऊ नका. अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता, रहिवास दाखला, आधारशी जोडलेले मुलीच्या नावाचे बँक खाते, हे निकालाच्या आधी तयार ठेवा. जूनमध्ये तहसील कचेरीपुढे रांग लागते, मार्चात तुलनेने कमी असते.