पोटाचं डायलिसिस : भीती पाण्याची, धोका जोडणीचा

घाटंजीहून यवतमाळ सुमारे ४० किलोमीटर. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला रक्ताच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालय गाठायचं, चारेक तास यंत्राला जोडून पडायचं आणि थकल्या अंगानं परत फिरायचं, असा क्रम लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. अशा घराला पोटाचं डायलिसिस, डॉक्टरांच्या बोलीत सीएपीडी, हा पर्याय असू शकतो. भारतात ते १९९१ पासून होतं आहे. तरी त्याचं नाव काढलं की पहिला उद्गार ठरलेला असतो : घरी? जंतू होतील ना!

भीती खोटी नाही. फक्त ती भलत्या जागी आहे. पोटात भरायचं पाणी पिशवीतून निर्जंतुकच येतं. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून ते साधारण दोन लिटर आत सोडायचं, चार ते सहा तास ठेवायचं, मग बाहेर काढून नवं भरायचं. आतड्यांभोवतीच्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण आणि जादा पाणी तेवढ्या वेळात त्यात उतरतं. दिवसातून तीन-चारदा हे करायचं, दर खेपेला अर्धा-पाऊण तास. हातानं करायच्या या पद्धतीला वीज लागत नाही, त्यामुळे भारनियमनाचा अडसर नाही.

जंतू शिरतात ते पिशवी नळीला जोडताना, काही सेकंदांत. म्हणून नियम त्या सेकंदांचे आहेत. साबणानं हात नीट धुऊन पूर्ण कोरडे करायचे, तोंडाला मास्क लावायचा, पंखा आणि खिडकी बंद, मांजर-कुत्रं बाहेर. जोडणीच्या उघड्या टोकाला बोट लागलं तर ‘एवढ्यानं काय होतं’ म्हणून तसंच पाणी भरायचं नाही. नळी बंद ठेवून डायलिसिस केंद्राला फोन करायचा. आपल्याकडे वेचणीनंतर कापूस घरातल्याच खोलीत रचतात. ती खोली या कामाला बाद. वेगळी खोली नसली तरी चालेल, स्वच्छ, कोरडा कोपरा पुरतो. विहिरीतलं किंवा नदीतलं पोहणं मात्र सोडावं लागतं.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा : हे म्हणजे सलाईनच. पिशवी दिसते तशीच, पण आतला द्राव पोटासाठी बनवलेला असतो. त्यात ग्लुकोज, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बहुतेक वेळा लॅक्टेट असतं. तो शिरेतून कधीच द्यायचा नाही. उरलेली पिशवी शेजारच्या अशक्त माणसाला ‘चढवायला’ देणं ही मदत नव्हे, जिवाशी खेळ आहे.

पिशव्यांवर १.५, २.५ आणि ४.२५ टक्के असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे जास्त सफाई, असा हिशेब अनेक जण मांडतात. तो चूक आहे. हा आकडा ग्लुकोजचा. ग्लुकोज जितकं जास्त तितकं शरीरातलं पाणी जास्त ओढलं जातं. सूज असताना ते हवं असतं, पण गरज नसताना ४.२५ ची पिशवी लावली तर अंगातलं पाणी फार कमी होऊन रक्तदाब घसरू शकतो. यातली बरीच साखर रक्तातही शिरते, त्यामुळे मधुमेह्याचं गणित बिघडतं. आणि वर्षानुवर्षं तीव्र द्राव वापरला तर पोटातला पडदाच निकामी होत जातो. कोणती पिशवी लावायची ते रोजचं वजन, रक्तदाब आणि सूज पाहून, डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे ठरतं. ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिन असलेली पिशवी वापरणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं : काही ग्लुकोमीटर त्यामुळे साखर खोटीच वाढलेली दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक खाली जाते. आपलं यंत्र चालतं का, हे आधीच विचारून घ्यावं.

पाणी कोमट करण्यासाठी पिशवी गरम पाण्यात बुडवणं हा घरगुती उपाय टाळावा. ओल तोंडाशी गेली की जंतूंना वाट मिळते. मायक्रोवेव्हमध्ये द्राव कुठे कोमट, कुठे उकळता होतो. केंद्रानं सांगितलेला कोरडा हीटिंग पॅड वापरावा. साठवणीचं तापमान लेबलवर असतं. पारा ४४-४५ ला टेकतो त्या मे महिन्यात टिनाखाली खोकी रचू नयेत. वापरण्याआधी तारीख आणि टक्केवारी वाचावी, पिशवी दाबून गळती आहे का ते पाहावं.

किडनीचा आजार म्हणून डाळ-अंडी बंद, हा सल्ला डायलिसिसआधीच्या रुग्णाचा. पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज काही ग्रॅम प्रथिनं पाण्याबरोबर निघून जातात, ती भरून काढावीच लागतात. किती, ते आहारतज्ज्ञ सांगतील.

‘घरचं म्हणजे दुय्यम’ असंही नाही. हाँगकाँगनं १९८५ पासून हीच पद्धत पहिली पसंती ठरवली आणि तिथले बहुसंख्य डायलिसिस रुग्ण त्यावर आहेत. आपल्याकडे २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ साली या पद्धतीसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. मात्र पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या काहींना ती चालत नाही. आपल्याला कोणत्या योजनेतून काय मिळेल, हे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. ती पिशवी ओतून न देता सोबत घ्या आणि त्याच दिवशी केंद्र गाठा. कोणतं प्रतिजैविक द्यायचं, ते त्याच पाण्याच्या तपासणीवरून ठरतं.