नोंद पूर्ण, नाही तर नाहीच

केसपेपरवर चूक झाली तर ती कशी दुरुस्त करायची, याचा रुग्णालयात एक जुना शिरस्ता आहे. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची. खालचा शब्द वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर शब्द लिहून सही, तारीख आणि वेळ टाकायची. पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचे नाही. कारण तोच कागद उद्या दुसऱ्या डॉक्टरच्या हातात जाणार असतो, आणि प्रसंगी न्यायालयातही.

आता कागदाची जागा संगणक घेत आहे. रक्तगट, चालू औषधे, अ‍ॅलर्जी, तपासण्यांचे निकाल हे सारे पडद्यावर दिसते. पण पडद्यावरचा आकडा बदलला की जुना आकडा नाहीसा होतो, रेघ उरत नाही. मग इथला शिरस्ता कोणता? तोही आहे आणि चांगला मुरलेला आहे. संगणकाच्या भाषेत त्याला ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. बँकेत आपण ज्याला व्यवहार म्हणतो, तोच हा शब्द. रुग्णालयात मात्र तो पैशांपेक्षा मोलाच्या गोष्टी सांभाळतो.

तक्ते आणि तीन क्रियापदे

१९७० मध्ये एडगर कॉड या आयबीएम कंपनीतील गणितज्ञाने एक साधी वाटणारी कल्पना मांडली. सगळी माहिती सरळ तक्त्यांमध्ये ठेवावी आणि तक्ते एकमेकांशी सामायिक क्रमांकाने जोडावेत. रुग्णांचा एक तक्ता, रक्ताच्या पिशव्यांचा दुसरा, तपासण्यांचा तिसरा. दुवा म्हणजे रुग्णाचा नोंदणी क्रमांक. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या तक्त्यांशी बोलण्याची भाषा मांडली. तिचे पहिले नाव ‘सीक्वेल’. आज ती ‘एसक्यूएल’ म्हणून ओळखली जाते.

या भाषेत माहिती बदलण्याची मुख्य क्रियापदे तीनच. ‘इन्सर्ट’ म्हणजे नवी ओळ घाला, ‘अपडेट’ म्हणजे असलेली ओळ बदला आणि ‘डिलीट’ म्हणजे ओळ काढून टाका. शेवटच्या दोघांसोबत एक छोटा शब्द लागतो, ‘व्हेअर’. कोणत्या ओळी बदलायच्या, हे तो सांगतो.

समजा, एका रुग्णाचा रक्तगट चुकीचा नोंदला गेला आहे आणि तो दुरुस्त करायचा आहे. आदेश असा असतो: रुग्णांच्या तक्त्यात रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ करा, जिथे नोंदणी क्रमांक ४५१२ आहे. यातला ‘जिथे’पासूनचा भाग लिहायचा राहिला, तर व्याकरणाच्या दृष्टीने आदेश बरोबरच ठरतो. तक्त्यातल्या प्रत्येक रुग्णाचा रक्तगट क्षणात ‘ओ पॉझिटिव्ह’ होतो. रुग्णाचे नाव न घालता औषधाची चिठ्ठी लिहावी आणि वॉर्डातल्या सगळ्यांनाच ते औषध मिळावे, तसा हा प्रकार.

म्हणून जाणकार माणसे आधी तीच अट घालून ओळी नुसत्या पाहतात. त्यासाठी ‘सिलेक्ट’ हा आदेश आहे. अपेक्षेप्रमाणे एकच ओळ दिसली, तर ‘बिगिन’ म्हणून व्यवहार उघडतात आणि मग बदल करतात. किती ओळी बदलल्या, हे संगणक सांगतो. एक म्हणाला तर ‘कमिट’, म्हणजे नोंद पक्की. चाळीस हजार म्हणाला तर ‘रोलबॅक’, म्हणजे काहीच घडले नाही असे समजून पूर्ववत. ही सोय आपोआप मिळेलच असे नाही. अनेक साधनांत ‘बिगिन’ न म्हणता दिलेला प्रत्येक आदेश तत्क्षणी पक्का होतो.

चार पायऱ्या, एक काम

रक्तपेढीतून एक पिशवी वॉर्डात जाते तेव्हा संगणकात निदान चार बदल होतात. साठ्याच्या तक्त्यात ती पिशवी ‘दिली’ अशी दाखवली जाते. रुग्णाच्या नोंदीत पिशवीचा क्रमांक चढतो. वितरणाच्या नोंदवहीत वेळ आणि कर्मचाऱ्याचे नाव येते. वॉर्डाच्या मागणीतून एक पिशवी वजा होते.

दुसऱ्या पायरीनंतर वीज गेली तर? पिशवी कधी बाहेर पडली, कोणी दिली, याचा पत्ता नाही; मागणी तशीच बाकी दिसते, म्हणून आणखी एक पिशवी निघू शकते. पायऱ्यांचा क्रम उलटा असेल, तर धोका अधिक: पिशवी रुग्णाला चढली, पण साठ्यात ती अजून ‘शिल्लक’ दिसते. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव होणाऱ्या बाईसाठी ती राखून ठेवली जाते, आणि फ्रीज उघडल्यावर जागा रिकामी असते. अशा वेळी मिनिटे मोजावी लागतात. अर्धवट नोंद ही चुकीच्या नोंदीपेक्षा फसवी, कारण ती अर्धी खरी असते.

म्हणून हे चारही बदल ‘बिगिन’ आणि ‘कमिट’ यांच्या मध्ये बांधले जातात. चारही झाले तर पक्के. एक जरी अडला तरी चारही रद्द. या विचाराला भक्कम पाया देणाऱ्या जिम ग्रे यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. चांगल्या व्यवहाराचे चार गुण ‘अ‍ॅसिड’ या आद्याक्षरी नावात बांधले ते थिओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी, १९८३ मध्ये. अविभाज्यता, सुसंगती, अलगपणा आणि टिकाऊपणा हे ते चार गुण. पैकी पहिला वर आलाच.

सुसंगती म्हणजे तक्त्यांना घालून दिलेले नियम कधीही मोडू न देणे. प्लेटलेट २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलते ठेवून, साधारण ५ दिवस टिकतात. ‘दिल्याची तारीख मुदतीच्या तारखेनंतरची असू नये’ असा नियम तक्त्यातच लिहून ठेवता येतो. एकच पिशवी क्रमांक दोनदा चढू नये, नसलेल्या रुग्णाच्या नावे पिशवी निघू नये, हेही नियमच. तिसऱ्या पायरीवर नियम मोडला, तर आधीच्या दोन पायऱ्याही मागे घेतल्या जातात. रात्रीच्या पाळीत थकलेल्या माणसाचे लक्ष चुकले तरी नियमाचे लक्ष असते.

एक पिशवी, दोन मागण्या

‘ओ निगेटिव्ह’ची एकच पिशवी उरली आहे आणि दोन खिडक्यांवर दोन कर्मचारी एकाच वेळी ती शोधत आहेत. दोघांच्याही पडद्यावर ‘शिल्लक’ दिसते. दोघेही बटण दाबतात. अलगपणा हा गुण इथे कामाला येतो. पहिला व्यवहार ती ओळ अडवून ठेवतो, दुसऱ्याला थांबावे लागते, आणि त्याची पाळी येते तेव्हा पिशवी ‘दिली’ झालेली त्याला कळते. मात्र ही अडवणूक मागावी लागते. ‘ओळ वाचतानाच राखून ठेव’ किंवा ‘अजून शिल्लक असेल तरच बदल’ असे आज्ञावली लिहिणाऱ्याने सांगितले नसेल, तर दोघांनाही होकार मिळू शकतो.

अडवणुकीलाही शिस्त हवी. व्यवहार उघडा ठेवून चहाला गेलेला माणूस बाकीच्या खिडक्या ताटकळत ठेवतो. कधी दोन व्यवहार एकमेकांनी अडवलेल्या ओळींची वाट पाहत बसतात. अरुंद घाटात दोन एसटी गाड्या समोरासमोर याव्यात, तशी ही कोंडी. इथे डेटाबेस स्वतःच एकाला मागे घ्यायला लावतो. त्याने पुन्हा प्रयत्न करायचा असतो.

याहून छुपा धोका बाह्यरुग्ण विभागात असतो. डॉक्टर आणि नोंदणी कारकून, दोघांनी एकाच रुग्णाचे पान उघडले आहे. डॉक्टर त्यात ‘पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी’ लिहून जतन करतात. कारकून फोन क्रमांक बदलतो आणि आपल्यासमोरचे, म्हणजे जुने, अख्खे पान जतन करतो. अ‍ॅलर्जीची नोंद गेली! दोन्ही व्यवहार आपापल्या परीने पूर्ण आणि निर्दोष होते. उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीला आवृत्तीचा क्रमांक द्यायचा आणि ‘आवृत्ती ७ असेल तरच बदला’ अशी अट घालायची. मध्ये कोणी बदल केला असेल, तर शून्य ओळी बदलतात आणि ‘पान पुन्हा उघडा’ असा इशारा मिळतो.

आधी रोजकीर्द, मग खतावणी

चौथा गुण टिकाऊपणाचा. जुन्या दुकानदारीत दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत घडतील तसे लिहीत आणि मग सवडीने खतावणीत त्या-त्या खात्यावर चढवत. डेटाबेस असेच वागतो. बदल आधी एका सलग नोंदवहीत डिस्कवर उतरतो, मगच ‘पक्के झाले’ असा निरोप येतो. मूळ तक्ते त्यानंतर अद्ययावत होतात. वीज परत आली की ही वही वाचून पक्के व्यवहार पूर्ण केले जातात आणि अर्धवट राहिलेले मागे घेतले जातात. डिस्कच जळाली तर मात्र ही वहीही जाते. म्हणून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत, म्हणजे बॅकअप, याला पर्याय नाही.

या सगळ्यालाही एक मोठी मर्यादा आहे. नोंद पूर्ण आहे की नाही, हे संगणकाला कळते. ती खरी आहे की नाही, हे कळत नाही. रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव चिकटले असेल, तर संगणक ती चूक तितक्याच निष्ठेने जपतो. त्यामुळेच रक्त चढवण्याआधी खाटेपाशी दोघांनी मिळून नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट आणि पिशवीचा क्रमांक पडताळायचा असतो. ते काम कोणतीही आज्ञावली करत नाही.

‘कमिट’ झाल्यावर ‘रोलबॅक’ चालत नाही. चूक नंतर लक्षात आली, तर नवी नोंद करूनच ती सुधारावी लागते. चांगल्या आज्ञावलीत त्यासाठी इतिहासाचा वेगळा तक्ता असतो: जुनी माहिती काय होती, नवी काय, कोणी बदलली, केव्हा बदलली. केसपेपरवरची आडवी रेघ आणि सही ती हीच. मूळ बदल आणि त्याची ही साक्ष एकाच व्यवहारात बांधलेली हवी, नाही तर बदल राहतो आणि साक्ष हरवते.

रुग्णांनी काय पाहावे

डिस्चार्ज कार्डावरचे नाव, वय, रक्तगट आणि अ‍ॅलर्जी घरी जाण्यापूर्वी वाचून घ्यावी. ‘संगणक अडकला, पुन्हा नोंदणी करा’ असे सांगितले गेले, तर आधीची नोंद झाली आहे का, हे आधी बघायला सांगावे. एका माणसाचे दोन क्रमांक झाले की त्याचे जुने आजार आणि जुने अहवाल दोन ठिकाणी विखुरतात. चूक आढळली तर दुरुस्तीचा अर्ज लेखी द्यावा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्यातही स्वतःची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे.

आणि रुग्णालयांनी? नवी संगणक प्रणाली घेताना रंगीत पडदे आणि आलेख पाहण्याआधी एक चाचणी जरूर घ्यावी. खोट्या रुग्णाच्या नावे पिशवी द्यायला घ्यावी आणि काम अर्ध्यावर असताना संगणकाची वीज बंद करावी. मग वीज सुरू करून साठा, रुग्णाची नोंद आणि वितरणाची वही ताडून पाहावी. तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील, तर पुढची बोलणी करावीत.