चित्रपटांतील मूल आणि त्याचें नांव

दादासाहेब फाळके यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटांत बाळकृष्णाचें काम त्यांच्या मुलीनें, मंदाकिनीनें, केलें. आरंभीं ती पडद्यावर येऊन चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखविते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. मुकुट उतरला कीं सोंग संपलें, असा तो सरळ व्यवहार होता.

कांहीं मुलांच्या बाबतींत मात्र हा व्यवहार उलटा असतो. जन्माच्या वेळीं शरीरावरून मुलगा कीं मुलगी हें ठरतें. परंतु आपण कोण आहों याची जी जाणीव मुलाच्या मनांत वाढते, तिला लिंगभाव म्हणतात. बहुतेकांच्या ठायीं या दोहोंचा मेळ असतो, कांहींच्या ठायीं नसतो. अशा मुलाला लोकांनीं दिलेलें रूप हेंच सोंग वाटतें. आंतली ही जाणीव बाहेरचें रूप टिपणाऱ्या कॅमेऱ्यानें दाखवावी कशी? गेल्या कांहीं दशकांतील तीन युरोपीय चित्रपटांनीं याचीं तीन उत्तरें दिलीं आहेत.

पहिला आलँ बर्लिनेर या बेल्जियन दिग्दर्शकाचा ‘मा व्ही आँ रोझ’ (१९९७). सात वर्षांचा लुडोविक आपण पुढें मुलगी होणार असें निःशंकपणें मानतो. नव्या शेजाऱ्यांच्या स्वागतासमारंभांत तो बहिणीचा झगा घालून येतो. मंडळी ती थट्टा समजून हंसतात. पण शेजारच्या मुलाशीं लग्न करण्याचा त्याचा बेत कळतांच हंसणें आटतें. शाळेंतून त्याला काढावें म्हणून पालक सह्या करतात, वडिलांची नोकरी जाते, आणि एकदां तर तो मोठ्या शीतपेटींत जाऊन लपतो. घरच्यांना तो वेळींच सांपडतो, एवढेंच. अमेरिकेंत या चित्रपटाला ‘आर’ वर्ग मिळाला. म्हणजे १७ वर्षांखालील मुलांना तो वडीलधाऱ्यांवांचून पाहतां येईना.

सेलीन सियाम्मा या फ्रेंच दिग्दर्शिकेच्या ‘टॉमबॉय’ (२०११) या चित्रपटांत भर पोषाखावर नसून नांवावर आहे. दहा वर्षांची लॉर नव्या वसाहतींत राहावयास येते. लीझा नांवाची मुलगी तिला मुलगा समजून नांव विचारते, आणि ती ‘मिकाएल’ असें सांगते. कॅमेरा मुलांच्याच उंचीवरून पाहतो. म्हणून प्रेक्षकही प्रथम तिला मुलगाच समजतो. धाकटी बहीण गुपित राखते. आईला तें कळतें, तेव्हां ती लॉरला निळा झगा घालावयास लावून घरोघर नेते. ही आई दुष्ट नाहीं. शाळा उघडण्याचा दिवस जवळ आला आहे आणि तिला दुसरा मार्ग सुचत नाहीं. पुढें रानांत तो झगा झाडावर लटकत राहतो. शेवटीं लीझा पुन्हां नांव विचारते आणि उत्तर येतें, ‘लॉर’. तें खरें कीं हार मानून दिलेलें, याचा निवाडा चित्रपट करीत नाहीं.

स्पेनमधील बास्क प्रांतांत घडणारा, एस्तिबालिस उरेसोला यांचा ‘मधमाश्यांच्या वीस हजार जाती’ हा २०२३ सालचा चित्रपट आणखी एक पाऊल टाकतो. आठ वर्षांच्या मुलाला जन्मनांव सोसवत नाहीं. मधमाश्या पाळणाऱ्या आजीच्या बहिणीपाशीं मात्र त्याला मोकळेपणें बोलतां येतें. तिच्या सहवासांत तें ‘लूसीया’ होतें. अखेरीस तें नाहींसें होतें आणि शोधणारे घरचे लोक प्रथमच त्याला ‘लूसीया’ अशी हाक मारतात. या भूमिकेसाठीं नऊ वर्षांच्या सोफिया ओतेरो हिला बर्लिन महोत्सवांत अभिनयाचें रौप्य अस्वल मिळालें.

तिन्ही कथांत मूल एकदां तरी मोठ्यांच्या दृष्टीआड होतें: कोणी शीतपेटींत, कोणी रानांत. हा योगायोग नव्हे. मुलाला कोठेंहि थारा उरला नाहीं, हें दाखविण्याची ती रीत आहे. झगा किंवा आखूड केस यांपासून भय नसतें. त्यांकडे पाहणाऱ्या मोठ्यांच्या नजरेपासून असतें. वेषांतराची हौस असलेल्या प्रत्येक मुलाची जाणीव निराळी असते असें नाहीं, आणि चित्रपटावरून कोणाचें निदानहि करावयाचें नसतें. परंतु घाईनें निवाडा करण्यापूर्वीं मुलाचें ऐकून घेणें प्रत्येक घराला शक्य असतें. मूल शोधावयास रानांत जाण्याची पाळी येण्याआधींच तें केलेलें बरें.