शिडाच्या नौकेचा डेक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

राजुऱ्याहून वर्धेचा पूल ओलांडला की बल्लारपूर. तिथल्या वनविकास महामंडळाच्या डेपोतून 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेले. अशा मुलखात ‘लाकूड चांगले तर काम पक्के’ हे मनात पक्के बसलेले असते. शिडाच्या नौकेच्या डेकचा हिशेब मात्र निराळा आहे. बोल्टवरचा ताण किती जागेत पसरला आणि पाणी आत शिरले का, यावर त्याचे आयुष्य ठरते.

गैरसमज: सागवानी डेक म्हणजे मजबूत डेक.

वस्तुस्थिती: फायबरग्लासच्या नौकेवर सागाच्या फळ्या बहुधा नुसत्या वर बसवलेल्या असतात, भार खालचे थर पेलतात. जुन्या नौकांत या फळ्या शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या असत. फळ्यांमधला भराव झिजला की प्रत्येक स्क्रूचे भोक पाण्याला वाट देते. सागाचा तपकिरी गाभा कुजायला दाद देत नाही, पण खाली फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये भरलेले बाल्सा हे मऊ, हलके लाकूड किंवा प्लायवुड कुजते.

गैरसमज: आत लाकूड असेल तर नौका कमकुवत.

वस्तुस्थिती: गोव्यात दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौकांच्या बांधणीत लाकडी गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना फायबरग्लास आहे. 19 ऑगस्ट 2009 ते 19 मे 2010 या काळात दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. कोरडा गाभा हलका आणि ताठ असतो. घात होतो तो गाभा ओला राहिला की.

गैरसमज: जाड बोल्ट घट्ट आवळला की काम झाले.

वस्तुस्थिती: शिडाची दोरी कप्पीवरून पूर्ण उलट वळते, तेव्हा कप्पीच्या बुडावर दोरीतल्या ताणाच्या सुमारे दुप्पट ओढ येते. जाड बोल्टही ती ओढ चिमूटभर जागेवरच टाकतो. मऊ गाभा चेपतो, वरचा थर खचतो आणि फटीतून पाणी उतरते. म्हणून डेकच्या खालून धातूची किंवा भक्कम फायबरग्लासची रुंद पट्टी हवी. पत्र्याच्या छपरावर जे-बोल्टच्या नटाखाली रुंद वायसर घालतात, तोच न्याय. विंच (दोरी ओढण्याचे यंत्र), क्लीट (दोरी अडकवण्याची खुंटी) अशा ओढ सोसणाऱ्या वस्तू नुसत्या स्क्रूवर कधीच सोडू नयेत.

गैरसमज: वरून सिलिकॉन फासले की गळती थांबते.

वस्तुस्थिती: वरचे तोंड बुजले तरी आत शिरलेले पाणी तिथेच मुरते. आधी डेकवर हलक्या हातोडीने ठोकून पाहावे. पक्क्या जागी खणखणीत आवाज येतो, गाभा सुटलेल्या जागी बद्द. ओल भोकाभोवतीच असेल तर बोल्ट काढून, ड्रिलमध्ये वाकवलेला खिळा बसवून, दोन थरांमधला गाभा चहूबाजूंनी कोरून काढायचा. पूर्ण वाळू द्यायचे. खालचे तोंड टेपने बंद करून आधी पातळ इपॉक्सी मुरवायचे, मग भुकटी घालून घट्ट केलेले इपॉक्सी भरायचे. ते कडक झाल्यावर मधोमध नवे भोक पाडले की बोल्टभोवती लाकूड उरतच नाही. आता पाणी झिरपले तरी गाभ्याला लागत नाही आणि आवळताना काही चेपतही नाही. भोकाच्या वरच्या काठाला थोडा उतार दिला की सीलंटचे कडे तिथे नीट बसते. आवळताना बोल्ट न फिरवता खालचा नट फिरवावा. बोल्ट फिरला की ते कडे तुटते.

बद्द आवाज दूरवर येत असेल तर एक थर कापून, कुजका गाभा बदलून नवे थर चढवावे लागतात. त्यांच्या जोडाला थराच्या जाडीच्या सुमारे 12 पट रुंद उतार देतात. इथे सागाची फळी वापरायची असेल तर चिकटवण्याआधी तिच्यातले तेल ॲसिटोनने पुसून काढावे, नाहीतर इपॉक्सी धरत नाही.

गैरसमज: स्टेनलेस स्टील गंजत नाही.

वस्तुस्थिती: हवेच्या संपर्कात त्यावर संरक्षक पापुद्रा टिकतो. डेकच्या आत, खाऱ्या ओलीत, हवा न पोचणाऱ्या फटीत तो टिकत नाही. बोल्टचे डोके चकचकीत दिसते आणि मधली दांडी खाऊन गेलेली असते. म्हणून डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांचे बोल्ट ठरावीक काळाने बाहेर काढून पाहिलेच पाहिजेत. त्यातला एक तुटला तरी डोलकाठी पडू शकते, आणि त्या वेळी किनारा हाकेच्या अंतरावर नसतो. या तपासणीत टाळाटाळ करू नये.