नकाशा पाहावा वाचून!

'घर पाहावे बांधून' ही म्हण जन्मली तेव्हा घर खरोखरच बांधावे लागे. मालक रोज सकाळी चौथऱ्यावर जाऊन उभा राही, गवंड्याशी हुज्जत घाली, दार इकडे नको, तिकडे कर, असे सुताराला सांगे. आज शहरातला मध्यमवर्गीय माणूस घर बांधत नाही, घेतो. आणि पुष्कळदा ते उभे राहण्यापूर्वीच घेतो. म्हणजे आयुष्याची पुंजी तो लावतो ती विटांवर नव्हे, एका कागदावर. त्या कागदाला आपण मोघमपणे 'नकाशा' म्हणतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला इमारतींतले काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण शब्दांचा मोघमपणा हा तर माझ्याच प्रांतातला विषय! आणि खरी फसगत तिथेच होते.

'नकाशा' हा शब्द अरबीतल्या 'नक्श'पासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. नक्श म्हणजे कोरणे, चितारणे. आपली 'नक्षी'ही त्याच मुळाची. तेव्हा नक्षी आणि नकाशा ही सख्खी भावंडे. घर विकणाऱ्यांना हे नाते कोणी शिकवले कोण जाणे. पण नकाशा मागावा आणि हाती नक्षी पडावी, हा अनुभव सार्वत्रिक आहे. गुळगुळीत कागद, त्यावर रंगीत सोफा, कोपऱ्यात हिरवीगार कुंडी. मापे मात्र भिंगातून शोधावीत!

शिवाय एकाच 'नकाशा'च्या पोटात आपण तीन वेगळे कागद कोंबतो. सगळ्या शहराचा असतो तो विकास आराखडा. एका जमिनीवर इमारती, रस्ते आणि मोकळी जागा कुठे, हे दाखवतो तो अभिन्यास. त्यालाच रेखांकन असेही म्हणतात. आणि एका मजल्यावर खोल्या, दारे, खिडक्या कशा, हे सांगतो तो फ्लोअर प्लॅन, म्हणजे मजल्याचा नकाशा. आपल्याला राहायचे असते तिसऱ्यात, आणि बागेचे चित्र पाहून आपण भुलतो दुसऱ्यावर. म्हणून माझे सांगणे एवढेच की, नुसता 'नकाशा द्या' म्हणू नका. 'मजल्याचा मंजूर नकाशा, मापांसह द्या,' असे म्हणा. नेमका शब्द उच्चारला की समोरचा माणूसही नेमका कागद काढतो.

हा तिसरा कागद फार पुरातन. इराकमधल्या प्राचीन लगाश राज्याचा अधिपती गुडिया याचा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा दगडी पुतळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या मांडीवर एका वास्तूच्या भिंतींचा नकाशाच कोरलेला आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस अशा नकाशाला 'इक्नोग्राफिया' हा ग्रीक शब्द वापरतो. 'इक्नोस' म्हणजे पाऊलखूण. घराने जमिनीवर उमटवलेले पाऊल तो नकाशा! उंबऱ्याशी लक्ष्मीची पावले काढणाऱ्यांना ही कल्पना सहज पटावी.

हे पाऊल वाचायचे कसे? जमिनीपासून सुमारे चार फुटांवर सगळे घर आडवे कापले, वरचा भाग उचलून ठेवला आणि आत डोकावले, अशी कल्पना करा. कापलेल्या भिंती जाड रेघांनी दिसतात. पाव वर्तुळाची कमान म्हणजे दार कोणीकडे उघडते त्याची खूण. तुटक रेघ बहुधा डोक्यावरची वस्तू दाखवते, उदाहरणार्थ माळा. बाण उत्तर दिशा सांगतो. प्रमाण १:१०० असेल, तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे घरातला १ मीटर. '३.०० × ३.६०' ही खोली बोलण्यात 'दहा बाय बारा' होते. प्रत्यक्षात दोन्हीकडे दोन-दोन इंच कमीच असते. जुन्या वाड्यात 'दोन खणांची खोली' म्हटले की काम भागे, कारण खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, आणि ती डोळ्यांना सवयीची. मीटरची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

दोन-चार इंचांनी काय बिघडते? आमचे एक शेजारी मध्यंतरी करारातली मराठी समजून घ्यायला माझ्याकडे आले. आई चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या. त्यांच्यासाठीच हे लिफ्टचे घर. मंजूर नकाशात न्हाणीघराच्या दाराशी आकडा होता ०.७५, म्हणजे साडेएकोणतीस इंच. "पुष्कळ झाले की, सर!" ते म्हणाले. पण हे माप भिंतीतल्या मोकळ्या जागेचे. चौकट दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच खाणार. उरले साडेचोवीस. खुर्ची मोजून पाहिली, ती सव्वीस! गृहस्थ गप्पच झाले. भिंती अजून उभ्या नव्हत्या म्हणून बरे. सहीपूर्वी मोठे दार लेखी मान्य करून घेता आले.

कायदाही या कागदाच्या बाजूने उभा आहे. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याने घर घेणाऱ्याला मंजूर नकाशे मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याच्या पूर्वसंमतीवाचून त्याच्या सदनिकेच्या मंजूर नकाशात फेरफार करता येत नाहीत. अपवाद किरकोळ बदलांचा, तोही अटींसह. याच कायद्यातले 'चटई क्षेत्र' मात्र जपून वाचावे. चटई अंथरता येईल तेवढीच जागा, असे शब्दावरून वाटते. परंतु त्यात आतल्या भिंतींखालची जागा धरतात. बाहेरच्या भिंती आणि स्वतंत्र गॅलरी धरत नाहीत. आतल्या भिंतीवर चटई कोण अंथरतो?

घर घेण्याचा विचार असेल, तर या सुटीत एक करा. मोजपट्टी आणि खडू घेऊन सगळे कुटुंब गच्चीवर जा. नकाशातली खोली खऱ्या मापाने आखा, दारासह. मुलांना त्यात झोपून पाहू द्या, आजींना दारातून जाऊन पाहू द्या. घरातल्या गृहिणीला ओटा आणि भिंत यांच्यामध्ये उभे राहून वळून पाहू द्या. कुठे अडते ते खडूच्या रेघेवर कळले, तर पुसता येते. विटेच्या भिंतीवर कळले, तर जन्मभर सोसावे लागते.