छतावरील दिवा बदलतांना

छतावरील जुना दिवा काढून त्या जागीं नवा बसविणें हें काम वरवर पाहतां सोपें दिसतें. परंतु घरांतील तारा जुन्या असतील तर त्यांत जिवास धोका असतो. बटण बंद केलें कीं दिव्याकडील वीज तुटली, असा पुष्कळांचा समज असतो. तो सर्वत्र खरा नव्हे. बटण फेजच्या तारेवर असावयास पाहिजे. परंतु जुन्या घरांत तें कित्येकदां न्यूट्रल तारेवर बसविलेलें आढळतें. अशा ठिकाणीं दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट दाबाची वीज तशीच असते. म्हणून आम्ही आग्रहानें सांगतों, कीं प्रथम टेस्टर चालू सॉकेटवर पारखून घ्यावा, मग मेन स्विच बंद करून त्यापाशीं एक माणूस उभा करावा, आणि छतावरील प्रत्येक तार तपासल्यावांचून तिला हात लावूं नये.

दुसरा विचार तारांचा. लाकडी पट्टीवरून नेलेल्या जुन्या तारांवरील रबर उष्णतेनें कडक होतें व तार वांकवितांच गळून पडतें. अशा उघड्या तारा एकमेकींस टेकल्यास आग लागण्याचें भय असतें. तेथें चिकटपट्टी गुंडाळून भागत नाहीं. तारच बदलली पाहिजे. नवा दिवा धातूचा असल्यास त्यास अर्थिंगही हवें, आणि जुन्या घरांत अर्थिंगची तार छतापर्यंत बहुधा नेलेली नसते.

हें काम परवाना असलेल्या वायरमनचें आहे. विद्यार्थ्यांनीं तें करूं नये. मात्र तो शिडीवर चढण्यापूर्वीं "मेन स्विच बंद आहे ना?" एवढें विचारणें हें घरांतील लहानांचेंही कर्तव्य आहे.